रिसेप्शनवरची देहबोली: देशांची यादी पाठ करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. पेडणे तालुक्यातला एक तरुण, शाळा मराठी माध्यमातली, कांदोळीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागून काही महिने झालेत. सुपरवायझर म्हणतो, "तुझी बॉडी लँग्वेज वीक आहे." गेस्ट रशियन, ब्रिटिश, इस्रायली, शिवाय दिल्ली-गुजरातचे. या मुलाने बरेच व्हिडिओ पाहिले. त्यांत सांगितलंय की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, बाकी सगळं शरीर बोलतं. आता त्याला यादी हवी आहे: कोणत्या देशाच्या माणसासमोर कसं उभं राहायचं, किती बघायचं, कुठली खूण टाळायची.

मी गोव्यात आधी गाइड होते, नंतर हॉटेल आणि शॅकच्या (किनाऱ्यावरच्या खाणावळींच्या) स्टाफला शिकवायला लागले. यादीतल्या उपयोगी गोष्टी खाली येतीलच. पण नुसत्या यादीवर तुम्ही काउंटर सांभाळू शकणार नाही, आणि ते का, हे समजलं तर सुपरवायझरच्या त्या शेऱ्याचं काय करायचं तेही समजेल.

आधी तो ७ टक्क्यांचा आकडा डोक्यातून काढा. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत केलेल्या प्रयोगांतून तो आला. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. एका प्रयोगात तर ‘मेबी’ हा एकच शब्द होता आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. शब्द एक सांगतो आणि सूर-चेहरा दुसरंच, तेव्हा लोक कशावर विश्वास ठेवतात, हा खरा प्रश्न होता. त्यातून शब्द ७, सूर ३८ आणि चेहरा ५५ असं सूत्र निघालं. ते फक्त भावना आणि आवडनावड याबद्दलच्या बोलण्याला लागू आहे, हे मेहराबियन यांनी स्वतः सांगितलंय. सगळ्या बोलण्याला ते लावलं तर मोरजीला येणारा रशियन माणूस काय म्हणतो ते आपल्याला रशियन न शिकता ९३ टक्के कळायला हवं. ते कळत नाही हे तुम्ही रोज अनुभवताय.

माझं म्हणणं असं की समोरच्याची देहबोली तुम्हाला अर्थ सांगत नाही. कुठे थांबून शब्दांत विचारायला हवं, ती जागा दाखवते. या कामात मला याहून भरवशाचं काही सापडलेलं नाही.

उदाहरण तुमच्याच काउंटरवरचं. परदेशी गेस्टचा पासपोर्ट घेता, परदेशी पाहुण्याची नोंद सरकारला कळवायच्या फॉर्मसाठी (आपण त्याला सी-फॉर्म म्हणत आलोय) आत स्कॅन करायला नेता. २४ तासांच्या आत तो फॉर्म भरायचाच असतो, त्यामुळे तुमच्यासाठी हे रोजचं काम. आता गेस्टकडे बघा. पासपोर्ट तुमच्या हातात गेला की त्याची नजर त्याच्यासोबत जाते. तुम्ही दाराआड गेलात की तो काउंटरवर वाकतो, मान लांब करतो, बोटं लाकडावर आपटायला लागतात. माणूस ब्रिटिश असो, रशियन असो वा कोरियन, यात फारसा फरक पडत नाही. व्हिडिओवाले सांगतील की बोटं आपटणं म्हणजे अधीरपणा. असेलही. दीर्घ प्रवासाचा शीणही असेल, किंवा पासपोर्ट हातचा सोडू नका असं त्याला कुणी बजावलेलं असेल. कारण ओळखण्याच्या मागे लागू नका. पासपोर्ट उचलण्याआधी सांगा: "सरकारी फॉर्मसाठी स्कॅन करतोय, दोन मिनिटांत तुमच्या हातात देतो." आणि परत देताना काउंटरवर सरकवू नका, हातात द्या. वाकलेला माणूस सरळ होतो की नाही, ते स्वतः बघा.

मान डोलावण्याचंही तसंच. आपण मान दोन्ही खांद्यांकडे हलकेच डोलावतो आणि त्यात ‘हो’, ‘ऐकलं’, ‘बघतो’, ‘करतो’, ‘चालेल’ यांतलं काहीही असू शकतं. घरी चूक होत नाही, कारण सोबत सूर असतो, प्रसंग माहीत असतो. पण गेस्टने विचारलं, "मोपा विमानतळावर जायची टॅक्सी पहाटे चारला नक्की येईल ना?" आणि तुम्ही नुसती मान डोलावलीत, तर ब्रिटिश किंवा जर्मन माणसाला ती ‘नाही’ किंवा ‘बघू’ वाटते. तो पुन्हा विचारतो. तुम्ही पुन्हा डोलावता. तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याचा आवाज चढलेला असतो, आणि हा माणूस उगाच का चिडतोय, हे तुम्हाला उमगत नाही. मान डोलावण्याची सवय मोडायला जाऊ नका, ती मोडत नाही आणि मोडायची गरजही नाही. तिच्यासोबत शब्द जोडा: "येस सर, चार वाजता, गेटवर." वेळ आणि जागा तोंडाने उच्चारा. बल्गेरियात तर मान आडवी हलवली की हो आणि वरखाली केली की नाही, अशी रीत आहे. ग्रीस आणि तुर्कस्तानात मान किंवा भुवया वर उचलून जिभेने ‘च्च’ केलं की साधं ‘नाही’ होतं. इस्रायली गेस्टही असा ‘च्च’ करतात. आपल्याकडे तोच आवाज हळहळ किंवा नापसंती दाखवतो, म्हणून शॅकवरच्या पोराला वाटतं आपल्याला हिणवलं. त्या माणसाला फक्त आणखी एक बिअर नको असते.

आता हसण्याबद्दल. तुमच्या प्रश्नात रशियन गेस्ट ‘तुसडे’ असल्याचं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. रशियात अनोळखी माणसाकडे बघून हसायची रीत नाही. हसू ओळखीच्या माणसासाठी असतं, आणि विनाकारण हसणं हे मूर्खपणाचं लक्षण अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. २०१८ चा फुटबॉल विश्वचषक रशियात झाला, तेव्हा प्रवाशांशी संबंध येणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्यांना पाहुण्यांकडे बघून हसायला मुद्दाम शिकवलं गेलं होतं. म्हणजे चेक-इनला कोरा चेहरा ठेवून उभा असलेला माणूस तुमच्यावर नाराज नाही. तुम्ही हसलात म्हणून त्याला वाईटही वाटत नाही. फक्त तुमच्या हसण्याच्या उत्तरात हसूच येईल अशी अपेक्षा धरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच माणूस नावाने हाक मारून हसला, तर ते हसू खरंखुरं असतं.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्या हसण्याची. रात्रीचे अकरा वाजलेत, खोलीतला एसी बंद पडलाय, गेस्ट खाली आलाय, सोबत लहान मूल रडतंय. काउंटरवरचा मुलगा ओशाळतो. हॉटेलची चूक आहे, मेंटेनन्सवाला फोन उचलत नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. ते हसू लाजेचं आहे, क्षमा मागणारं आहे, हे आपल्या माणसाला लगेच कळतं. मास्तर ओरडले की आपण असेच हसत उभे राहायचो. पण युरोप-अमेरिकेतल्या बापाला दिसतं ते एवढंच की माझं मूल रडतंय आणि हा हसतोय. तिथून पुढे प्रकरण एसीचं राहत नाही. मी प्रत्येक बॅचला हा एक प्रसंग करायला लावते, आणि जवळपास प्रत्येक मुलगा-मुलगी हसतेच. ते थांबवण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: तक्रार सुरू झाली की हाताला काम द्या. पेन उचला, खोलीचा नंबर लिहा, ऐकलेलं परत म्हणून दाखवा. "२०४, एसी नऊ वाजल्यापासून बंद, बाळ झोपू शकत नाही." लिहिताना चेहरा आपोआप गंभीर होतो आणि गेस्टला दिसतं की त्याचं म्हणणं कुठेतरी नोंदलं गेलं.

हे फक्त आपल्याकडेच नाही. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना अस्वस्थ करणाऱ्या फिल्म दाखवल्या. एकटे बघताना दोघांचे चेहरे सारखेच आक्रसत होते. अधिकारी वाटावा असा माणूस सोबत असताना मात्र जपानी विद्यार्थी ती नाराजी हसण्याआड झाकत, असं त्यांनी नोंदवलं. भावना सगळीकडे सापडतात, त्या कुणासमोर किती दाखवायच्या याचे नियम जो तो आपल्या घरी शिकतो. म्हणून जपानी गेस्ट हसत हसत "इट इज ओके" म्हणाला, तरी खोली एकदा जाऊन बघा.

नजरेचा मुद्दा तुम्ही स्वतःच लिहिलाय: ‘मी डोळ्यांत बघून बोलत नाही असं सांगतात.’ मोठ्या माणसांसमोर डोळे वर करून बोलायचं नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं. ती आदब आहे, तिला कमीपणा म्हणू देऊ नका. मात्र ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत न बघता बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. उलट जपानसारख्या ठिकाणी एकटक बघणं दडपण आणतं. यावर मी शिकवते ते असं: तीन वेळा बघायचं. गेस्ट आला की, तो बोलत असताना, आणि किल्ली हातात देताना. बाकी वेळ स्क्रीनकडे बघायला हरकत नाही, पण काय करताय ते बोला: "तुमचं बुकिंग उघडतोय." नुसतं बुकिंग शोधत बसलात तर तेच न बघणं उद्धट दिसतं.

काउंटरवर मुली असतील तर हा नियम मी सैल करते. हसून, नजर न काढता बोलणाऱ्या मुलीबद्दल काही पुरुष गेस्ट, देशी आणि परदेशी दोन्ही, भलता समज करून घेतात. अशा वेळी नजर कागदावर, आवाज ठाम आणि सहकाऱ्याला जवळ बोलावणं, हे तिने कधीही करावं. कुठल्याही संस्कृतीचं नाव पुढे करून तिला सोसायला लावू नये. सुपरवायझरनेही तिला ‘फ्रेंडली नाहीस’ असं म्हणता कामा नये.

अंतराबद्दल एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ च्या पुस्तकात मापं दिली आहेत. अगदी जवळच्या माणसांत ४५ सेंटीमीटरपर्यंत, ओळखीच्यांत सुमारे १.२ मीटर, कामकाजात ३.६ मीटरपर्यंत. ट्रेनिंगच्या स्लाइडवर हा तक्ता जगाचा नियम म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय लोकांचा आहे, आणि हॉलने तसं लिहूनही ठेवलंय. २०१७ मध्ये ४२ देशांतल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी माणसापासून सर्वांत लांब रुमानियाचे लोक उभे राहतात, सर्वांत जवळ अर्जेंटिनाचे, असं दिसलं. वय आणि स्त्री-पुरुष याप्रमाणेही अंतर बदलत होतं, म्हणजे देश हे एकच उत्तर नाही. तुम्ही रोज पेडण्याहून कदंब बसने म्हापशाला येत असाल, तर खांद्याला खांदा लागणं तुमच्या लक्षातही येत नसेल. रिसेप्शनच्या रांगेत मात्र ब्रिटिश माणूस हातभर जागा सोडून उभा असतो. आपल्याकडच्या गेस्टला ती रांग संपलेली वाटते, तो मध्ये शिरतो आणि दोघेही एकमेकांना असभ्य ठरवतात. इथे तुम्ही लांबूनच म्हणा, "सर, हे आधी आले आहेत, नंतर लगेच तुम्ही." तुम्ही बोललात तर भांडण होत नाही. एखाद्याशी बोलताना तो अर्धं पाऊल मागे गेला तर तुम्ही पुढे जाऊ नका. तेवढं कळायला देश माहीत असावा लागत नाही.

हाताच्या खुणांची यादी आता देते, कारण इथे पाठांतर खरंच उपयोगी पडतं. ‘दोन बिअर?’ विचारताना हाताची मागची बाजू गेस्टकडे करून दोन बोटं दाखवू नका. ब्रिटनमध्ये ती शिवी आहे. तळहात समोर ठेवा, किंवा तोंडाने आकडा सांगा. बोटांची पेरं मोजून आपण हिशेब करतो तो परदेशी माणसाला अजिबात कळत नाही. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ अनेकांना ‘छान’ वाटतं, ब्राझीलमध्ये ते अश्लील समजतात, फ्रान्समध्ये ‘शून्य, टाकाऊ’ असा अर्थ होऊ शकतो, जपानमध्ये पैसे. तळहात खाली करून ‘या इकडे’ म्हणालात तर इंग्रज जोडप्याला तुम्ही हाकलताय असं वाटू शकतं. उघडा हात टेबलाच्या दिशेने दाखवा. वस्तू उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी द्या, हे आपल्याकडेही चालतं, अरब देशांतल्या पाहुण्यांनाही आणि जपान्यांनाही.

एक खूण मात्र जवळून बघण्यासारखी आहे. वागातोरच्या एका शॅकवर मी बसले होते. इस्रायली बाईने हाताची पाचही बोटं टोकाशी जुळवून वर केली आणि हात हलकेच खालीवर हलवला. वेटर मेनूकार्ड घेऊन धावत आला. आपल्याकडे ती जुळलेली बोटं तोंडाकडे गेली की जेवण, म्हणून त्याला वाटलं भूक लागलीये. तिने पुन्हा तीच खूण केली, यावेळी जोरात. त्याने पाण्याची बाटली आणली. इस्रायलमध्ये त्या खुणेचा अर्थ ‘थांब जरा’. ती फोनवर बोलत होती. त्याच खुणेचा इटलीत अर्थ ‘म्हणायचंय काय तुला?’ असा होतो. वेटर हुशार होता, चटपटीत होता, त्याने तिच्याकडे नीट बघितलंही होतं. त्याने फक्त "मॅडम, ऑर्डर? ऑर लेटर?" एवढं विचारायला हवं होतं.

कानाच्या पाळीचंही सांगते, गोव्यात हे तिन्ही अर्थ एका दिवसात भेटू शकतात. आपण कान पकडतो ते चूक कबूल करायला. गवई गुरूचं किंवा उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो तो आदराने. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या या भूमीत मैफलीला जाणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. आणि पोर्तुगालहून आलेला माणूस जेवल्यावर कानाची पाळी चिमटीत धरतो, तेव्हा तो म्हणतोय की जेवण फर्मास झालंय. क्षमा मागतोय समजून "नो प्रॉब्लेम सर" म्हणू नका. आचाऱ्याला जाऊन सांगा.

स्पर्शाबद्दल थोडक्यात. हात मिळवण्यासाठी स्त्री गेस्टने हात पुढे केला तरच करा. धर्म काटेकोर पाळणारे ज्यू आणि मुसलमान अनेकदा परस्त्रीचा किंवा परपुरुषाचा हात धरत नाहीत, त्यात अपमान नसतो. नमस्कार हा सगळ्यांत सोपा मार्ग, आणि तो फक्त हिंदूंचा असं समजू नका. भारतातल्या कॅथलिक उपासनेत इथल्या रीती घ्यायला रोमने १९६९ मध्ये मान्यता दिली, तेव्हा शांतीची देवाणघेवाण हात जोडून करण्याची मुभाही त्यात होती. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मुलं मोठ्यांकडे हात जोडून ‘बेसांव’ (आशीर्वाद) मागतात, हिंदू घरांत वाकून पायाला हात लावतात, आणि आपण शेजारी राहून दोन्ही ओळखतो. तुम्हाला दोन देहबोली आधीच येतात, हे विसरू नका. आणि एक कळकळीची विनंती: परदेशी मुलांचे गाल ओढू नका, उचलून घेऊ नका, पाहुण्यांनी तसं केलं तर मध्ये पडा. किनाऱ्यावर परदेशी बाईला न विचारता सेल्फीसाठी खेटणं हा तर सरळ त्रास आहे.

यादीत तुम्ही देशी गेस्टबद्दल काहीच विचारलं नाही. गोव्यात येणाऱ्यांत बहुसंख्य तेच असतात. चुटकी वाजवून बोलावणारा, एकाच वेळी तिघांनी बोलणारं कुटुंब, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहणारा. यांना ‘कल्चर नाही’ असं स्टाफ मागे म्हणतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं. गोऱ्या गेस्टसमोर ताठ उभा राहणारा मुलगा सोलापूरच्या आजोबांसमोर खुर्चीतून उठत नाही, हे मी पाहिलंय, आणि मला ते फार लागतं. रात्रभर बसने आलेले ते आजोबा, त्यांच्याशी मराठीत बोला, उठून बोला.

सरावासाठी तुमच्या भागातला दशावतार आठवा. नटाला लिहिलेली संहिता नसते, समोरचा नट काय करतो ते बघून तो आपलं वाक्य उचलतो. तसंच इथे. एखाद्या मित्राला गेस्ट करा, चेक-इनचा पूर्ण प्रसंग मोबाइलवर चित्रित करा आणि आवाज बंद करून बघा. मान कधी डोलावता, हसू कधी येतं, पासपोर्ट कसा देता, ते तुम्हालाच दिसेल. मग आवाज सुरू करून बघा की त्या प्रत्येक जागी शब्द होता का. आठवड्यातून एकदा केलंत तरी पुरे.

आणि सुपरवायझरकडे जा. ‘वीक’ या शब्दाने तुम्हाला काही करता येणार नाही, म्हणून शांतपणे विचारा: "कुठल्या गेस्टच्या वेळी, नेमकं काय करताना?" त्यांना एक प्रसंग सांगता आला तर तो चित्रित करून दुरुस्त करा. प्रसंग सांगता आला नाही, तर पुढच्या शिफ्टला शेजारी उभं राहून दाखवा म्हणा.